पुढच्या वर्षी, कायमचे

प्रिय वन्सं,

गच्चीवर आपण दोघी चादरींच्या घड्या घालत होतो, आठवतं? टोकाला टोक जुळवताना तू मुद्दाम हात सोडलास आणि मी धपकन खाली बसले. आईंनी जिन्यातूनच विचारलं, धुणं आहे की तमाशा? माझ्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता, आणि माझ्याहून लहान नणंदेला वन्सं म्हणताना मला हसू यायचं.

इथलं, परदेशातलं सांगते. माझं शिवणाचं दुकान बरं चाललंय. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करते, पोटं सुटलेल्यांच्या कमरा उसवून देते. तुझा दादा गेल्यापासून लेक मागे लागलाय, आमच्याकडेच राहायला ये. मी म्हटलं, रविवारी येईन, जेवेन, तुला चार गोष्टी सुनावेन आणि बसने माझ्या घरी. सूनबाई हसली, बहुधा सुटले म्हणून.

धाकट्या भावजींचा फोन आला होता. घर विकायचंय, दादाच्या हिश्श्यासाठी सही द्या म्हणाले. वन्संचं काय, विचारलं, तर म्हणे एकट्या बाईला एवढं घर कशाला, एखादी खोली बघू. जणू तू ट्रंक आहेस, कुठेही सरकवावी!

तेव्हापासून एक गोष्ट मनात सलतेय. घरी येणारी दादाची पत्रं माझ्या अक्षरात असत. ‘मी सांगतो, ही लिहून घेते,’ अशी सुरुवात. पण हे काही सांगत नसत गं. कारखान्यातून येऊन खुर्चीतच पेंगायचे आणि न वाचता सही करायचे. ‘पुढच्या वर्षी कायमचे येतो’ हे वाक्य माझं. आईंना बरं वाटावं म्हणून एकदा लिहिलं, मग दर पत्रात लिहीत गेले. ह्यांच्या मनात परतायचं कधीच नव्हतं. आणि तू त्या वाक्यावर विसंबून चित्रकलेच्या मास्तरांना थांबवलंस, दादा येऊन आईंना सांभाळेल, मग लग्न करू म्हणून. सहा वर्षं थांबले बिचारे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझं अक्षर घोटून घेतलं, पण एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

माफी मागत नाही. तू लगेच माफ करून टाकशील, तुझी खोडच ती. सही मात्र केलीय, भावजींच्या कागदावर नव्हे. दादाचा हिस्सा मी आणि लेकाने तुझ्या नावे सोडलाय. आता तुझ्या सहीशिवाय कुणी काही विकू शकणार नाही. सोबतचं शिक्क्याचं हक्कसोडपत्र तुझं. निळ्या लिफाफ्यातली तशीच सही-शिक्क्याची दुसरी प्रत वकिलांना, नोंदणी तेच करतील. झेरॉक्स भावजींना स्वतःच्या हाताने दे, आणि आवाज खाली ठेवू नकोस. मास्तर अजून कुठे भेटत असतील, तर हे पत्र त्यांना वाचायला दे. त्यांना थांबवलं ते मी, तू नाहीस.

तुझीच,
वहिनी