दारातून न निघणारा पलंग

प्रिय अप्पा,

काल पलंगाला शेवटचा पॉलिशचा हात मारून विलासला फोटो पाठवला आणि आज सकाळी अमेरिकेतून त्याचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. तुमचा लेक चिडलाय. चिडू दे!

"ताई, ते शिसम अप्पांनी माझ्यासाठी रखलं होतं. कायको कापलंस? आणि घर विकायचंय, तुझं सामान काढून ठेव."

माळ्यावरची ती शिसमाची फळी तुम्ही त्याच्या लग्नाच्या पलंगासाठी जपलीत. त्यानं रंध्याला कधी हात लावला नाही. दुकानात तुमच्या प्रत्येक पलंगाला पॉलिशपेपर कोण घासायचं, अप्पा? मीच ना?

नवऱ्याचं घर सोडून मी आले, तेव्हा आईनं माझ्यासाठी पलंग मागितला. काय म्हणालात, आठवतं? "नक्को. पलंग दिला की पोरगी वापस जात नाही." तारनाक्यातल्या घराघराला पलंग करून देणारा बाप, आणि मुलगी चटईवर!

पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात. तुमच्या सागवानी पलंगाशेजारी चटई टाकून मीच तुमचं सगळं केलं. एकदा तरी विचारायचंत, पाठ दुखते का गं? या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला माफ करणार नाही.

तुम्ही गेल्यावर तेराव्याला गुरुजी म्हणाले, त्यांचा पलंग दान करा. मी बेगम बाजारातून नवी खाट आणून दिली. तुमचा पलंग मोडला. त्याच्या सागवानाची चौकट केली आणि विलासच्या शिसमाची उशाकडची उंच फळी. पिवळ्यावर ते काळं काय खुललंय! रंधा मारताना तुमच्या सागवानाचा वास सुटला आणि मला रडू आलं. रंधा मात्र थांबवला नाही.

पलंगाच्या कोपऱ्यांना बोल्टच घालायचे, म्हणजे सुटा करून दारातून काढता येतो, हा तुमचा नियम. मी तुमच्याच खोलीत पलंग जोडला, सरस भरला, वर लाकडी खुंट्या ठोकल्या. आता उभा धरा, आडवा धरा, तो या दारातून निघायचा नाही. मीही निघायची नाही.

वर्षश्राद्धाला विलास येतोय. तुम्हाला शब्द देते, त्याला उपाशी ठेवणार नाही. माझीच चटई झाडून अंथरीन. आणि त्यानं पलंग मागितलाच, तर म्हणेन, "नक्को रे. पलंग दिला की माणूस वापस जात नाही."

तुमची, वापस न गेलेली,
सुलभा