लालसू कोण?

११ डिसेंबर

आज पुन्हा तेच नाव!

सकाळी नाटक कंपनीच्या गाडीनं मला वडशाच्या चौकात उतरवलं. रात्रभर ऑर्गन वाजवून बोटं आखडलेली, कानात अजून ढोलकी. घरात शिरलो तर बुधरी खाली बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर पवित्र शास्त्र, डोळे मिटलेले. प्रार्थना तिच्या माडिया बोलीत चाललेली. मला माडिया म्हणजे पाणी, भात, ये आणि जा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी एवढंच! पण नाव कळायला भाषा कशाला लागते?

लालसू. मग काहीतरी. मग पुन्हा लालसू.

आणि आवाज कसा तर कापरा. माझ्याशी बोलताना असा आवाज मी कधी ऐकला नाही.

डोळे उघडून माझ्याकडे पाहून हसली. "आले? चहा मांडू?" जणू काही घडलंच नाही.

विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारू? बायको देवाशी काय बोलते ते नवऱ्यानं विचारायचं असतं का?

१२ डिसेंबर

कोण हा लालसू?

१४ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये शास्त्रातला पाठ मी वाचला, नेहमीप्रमाणे. आधी आजोबा वाचायचे, मग बाबा, आता वीस वर्षं मी. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तोंडपाठ. आशाबाई आमच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "प्रणित, तुह्या तोंडून वचन आइकलं का पोट भरते बाबू." छान वाटलं. खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात पाळकसाहेब आले. मला वाटलं माझ्याशी बोलायला. माझ्या बाजूनं पुढे गेले आणि बुधरीला म्हणाले, "तुमच्या प्रश्नावर मी आठवडाभर विचार करतोय."

कुठला प्रश्न? मला तर कधी विचारला नाही!

घरी येताना टोकलं. म्हणाली, "तो बापाचा पैसा उडवलेला धाकटा पोरगा घरी आला. बापानं जेवन केलं, बाजा वाजवला. मोठा भाऊ रागानं बाहीर उभा राह्यला. बाप त्याले समजवाले आला. मंग तो आत गेला का नाई गेला? लिवलंच नाई ना! मी तीनदा पाह्यलं."

मी तो पाठ किती वर्षं वाचतोय! मला वाटत होतं तो आत जातो. कुठे वाचलं होतं मी हे? घरी येऊन गुपचूप उघडून पाहिलं. खरंच लिहिलेलं नाही.

हिला अक्षरं कुणी शिकवली? मी. ओळीखाली तिचं बोट धरून, चार वर्षांपूर्वी, याच खोलीत. आणि पाळक विचार करतात तिच्या प्रश्नावर.

मला हेवा वाटतो. घे, लिहून टाकलं.

२० डिसेंबर

साळा आला भामरागडहून. बुधू. नाताळसाठी कोंबडा घेऊन, एसटीत पिशवीत दडवून. कंडक्टरला संशय आलाच म्हणे, पण कोंबड्यानं बांग दिली नाही म्हणून वाचला.

बुधरी विहिरीवर गेल्यावर मी सहज म्हणून विचारलं, "तुमच्या गावात लालसू कोण आहे रे?"

"कोणता लालसू, भाटवा? आमच्या इथी लई लालसू हायेत. एक तर म्हातारा, त्याले दिसत नाई. एक शाळंत जाते. एक ट्रॅक्टर चालवते."

"ट्रॅक्टरवाला कसा आहे?"

"लई देखना! गाते बी मस्त. लगन नाई केलं अजून. काऊन?"

काही नाही म्हटलं. कोंबड्याकडे पाहत बसलो. त्याचं मरण तरी ठरलेलं आहे. माझं काय?

२३ डिसेंबर

देव थट्टा करतो की काय! यंदाच्या नाटकात संशयी नवरा आहे. बायकोच्या तोंडून परक्या माणसाचं नाव ऐकतो आणि तिसऱ्या अंकात घर पेटवतो. दिवाळीपासून गावोगावच्या मंडईच्या जत्रेत त्याच्या एंट्रीला मी तो वाकडा सूर वाजवतो, आणि लोक हसून लोळतात. मीही हसायचो.

काल त्याच्या एंट्रीला मी भलतीच पट्टी दाबली. ढोलकीवाला म्हणाला, "का भाऊ, थंडी वाजून राह्यली का?" हो म्हटलं.

२५ डिसेंबर

कोंबडा खाल्ला. सगळ्यांनी खाल्ला. मला गोड लागला नाही.

३ जानेवारी

आज शास्त्र उघडलं. भक्तीनं नाही, हत्यार शोधायला. बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं कुठेतरी आहे. ते काढून, खूण घालून, तिच्यापुढे ठेवायचा बेत होता.

पान भलतंच उघडलं. एका जुन्या राजाची गोष्ट. त्याच्यापुढे एक पोरगा वाद्य वाजवतो, लोक पोराचं कौतुक करतात, राजाच्या पोटात दुखतं. आणि पोरगा वाजवत असतानाच राजा भाला फेकतो.

लहानपणापासून मला वाटायचं, मी तो पोरगा. वाजवणारा मी ना! आज पहिल्यांदाच भाला कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. त्या राजाचे डोळे बरोबर माझेच.

पुस्तक मिटलं. मग परत उघडलं. चहा दोनदा गार झाला. इतका वेळ मी कधी स्वतःसाठी वाचलं होतं? आठवत नाही. मी नेहमी लोकांना ऐकू जावं म्हणूनच वाचत आलो.

११ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या दोन रविवारी पाठ बुधरीबाई वाचतील. मंडळीला नवीन आवाज ऐकू द्या. प्रणितभाऊ, तुमची हरकत नाही ना?"

सगळ्यांदेखत विचारलं. हरकत आहे असं कोण म्हणेल? मी हसलो. दात दुखले इतका हसलो.

बुधरी म्हणाली, "नाई जी, मले भेव वाटते." पण डोळे चमकत होते. मी पाहिले.

आजोबा, बाबा, मी. आणि आता माडिया पाड्यावरची बुधरी! हे लिहिलं आणि खोडणार होतो. राहू दे. मनात आलं ते आलं.

१५ जानेवारी

राजाचं पुढचं वाचतोय, रोज थोडं. त्याला झोप येत नाही, जेवण जात नाही. शेवट चांगला होत नाही त्याचा.

पण पहाटे पुन्हा ते नाव आलं, आणि वाचलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

१८ जानेवारी, रविवार

लाज वाटते लिहायला. तरी लिहितो.

तिनं पाठ वाचला. हळू, एकेक शब्द चाचपून. दोनदा अडली. माझ्याकडे पाहिलं, मी ओठांनी सांगू शकलो असतो. मी छताकडे पाहिलं. तरी कुणी खोकलं नाही, एक पोर रडलं नाही. मी वाचतो तेव्हा आशाबाई डुलक्या काढतात. आज टक्क जाग्या!

नंतरचं गाणं तिनं सुरू करायचं होतं. नेहमी मी ते काळी एकमध्ये देतो. आज काळी तीननं, खूप वरच्या पट्टीत, उचललं. मुद्दाम. कुणाला काय कळतंय! धृपदापर्यंत ठीक होतं. अंतरा आला आणि बुधरीचा आवाज फाटला, मग बायकांचा, मग सगळी मंडळी किंचाळायला लागली. बाहेरचं कुत्रं भुंकलं. पाळकसाहेब लाल झाले. मी डोळे मिटून भक्तिभावानं वाजवत राहिलो.

बुधरी हसत सुटली. घरी येईपर्यंत हसत होती. "आज देवाले कानावर हात ठेवा लागले असतीन!"

मी फेकलेला भाला, आणि तिला लागलाच नाही. उलट मलाच कुठेतरी टोचतोय.

१९ जानेवारी

लग्नातली गोष्ट आठवली. देवापुढे वचन देताना तिनं म्हणायचं होतं, "मी बुधरी, तुला, प्रणितला..." माझ्या नावाशी येऊन जी थांबली ती थांबली. मंडळी ताटकळली. शेवटी तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनीच माझं नाव म्हटलं, हिनं मान हलवली. तेव्हा सगळे हसले होते, मीही.

नऊ वर्षांत माझं नाव एकदाही तिच्या तोंडून निघालं नाही. आणि लालसूचं रोज पहाटे निघतं!

मी प्रार्थनेला बसलो. खरंच बसलो, गुडघे टेकून. काय मागावं सुचेना. मंडळीत मी पाच मिनिटं न अडखळता प्रार्थना करतो, लोक आमेन आमेन म्हणतात. इथे ऐकायला कुणी नव्हतं तर एक शब्द फुटेना. मग भीतीच वाटली. मला ट्रॅक्टरवाल्याची भीती वाटतेय, की ती एकटी पुढे निघून चालली आणि मी इथेच राहतोय याची?

२४ जानेवारी

विचारलं!

ती तांदूळ निवडत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, "लालसू कोण?"

सूप हातातून सुटलं. तांदूळ भुईभर. चेहरा कानापर्यंत लाल. "तुमी... आइकलं?"

"रोज ऐकतो."

पदर तोंडावर ओढला आणि मागच्या दारानं परसात निघून गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय वेगळं असतं!

तांदूळ मीच गोळा केले. खडे आणि तांदूळ एकच दिसत होते.

२५ जानेवारी, रविवार

ऑर्गनवर बसलो नाही. अंग दुखतं म्हणालो. ती एकटी गेली. मग राहवलं नाही, मागून गेलो आणि चर्चच्या बाहेर निंबाखाली सायकल धरून उभा राहिलो.

खिडकीतून तिचा आवाज येत होता. आज तोच पाठ वाचायला घेतला होता तिनं, दोन भावांचा! बाप धावला, पोराला मिठी मारली. मग मोठा भाऊ. आतून गाणं-बजावणं ऐकू येतं, आणि हा बाहेर. मी पायाखाली पाहिलं. मी नेमका कुठे उभा आहे ते पाहिलं.

शेवटची ओळ संपली. ती थांबली. पुढे काही लिहिलेलं नाही, तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे आता.

आत गाणं सुरू झालं, ऑर्गनशिवाय, बेसूर. दारापर्यंत गेलो. चपला काढल्या. परत घातल्या.

२६ जानेवारी

लालसू मीच आहे.

दाराआड उभी राहून सांगितलं तिनं, तोंड दाखवलं नाही. "आमच्याकडं बाई मालकाचं नाव घेत नाई. मायनं नाई घेतलं, आजीनं नाई घेतलं. मंग देवाले कसं सांगू कोनासाठी मागून राह्यली ते? आमच्या गावात जिकडं पाहा तिकडं लालसू. म्हनून तेच ठेवलं तुमाले. देवाले समजते."

मी विचारलं, काय मागतेस त्याच्यासाठी?

मग म्हणाली, "एवढंच, का देवा, लालसू वाचते लई छान. त्याले एकदा आइकू बी येऊ दे."