बैठकीतले आठ दिवे

प्रिय आर्गेमिरोदादा,

धाकट्या बहिणीचा, गुडघा परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुझं पित्त, वहिनीची कंबर आणि बोगोटाची थंडी आटोक्यात असेल, असं धरून चालते. इकडे सोन्सोनमध्ये आई खाऊनपिऊन ठणठणीत आहे. फक्त संध्याकाळचे पाच वाजले, की तिचा विसराळूपणा अंगात येतो.

उजेड उतरला, की खुर्चीची सावली तिला खड्डा वाटायची आणि खिडकीच्या काचेतली म्हातारी (म्हणजे ती स्वतःच) चोर. "त्या बाईला हाकल आधी, आणि मला माझ्या घरी सोड!" अशी रडारड आठपर्यंत. दवाखान्यातली नर्स म्हणाली, चारपासूनच घर लख्ख ठेवा, कोपऱ्यात सावली नको, काचेवर पडदे ओढा. मला एक सांगितलं तर मी चार करते, हे तू जाणतोसच. बैठकीत आठ मोठे दिवे लावले, खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि नव्या पडद्यांचा वास जावा म्हणून दार सताड उघडं टाकलं.

आता तूच सांग, आपल्या गावात याचा अर्थ काय होतो? घरात कुणीतरी गेलं! समोरच्या फाबिओलाबाई काळी शाल पांघरून, कॉफीचं पातेलं घेऊनच आल्या. पाठोपाठ अख्खी गल्ली. मी तोंड उघडेपर्यंत जपमाळेची पहिली फेरी संपलीसुद्धा! (शवपेटी कुठाय, हे विचारायची कुणाची हिंमत होईना.) आई मात्र यजमानीण. "बसा हो, पाव घ्या, लाजू नका!" 'घरी सोड' असं तिनं एकदाही म्हटलं नाही. दादा, मला इतका आनंद झाला की मी ढसाढसा रडले, आणि ते पाहून गल्लीची खात्रीच पटली.

तुझी लाडकी (दुसरी नाहीच),
नोएलिया

ता.क. गैरसमज दूर का केला नाही, असं विचारशील. उठलेच होते. तेवढ्यात फाबिओलाबाईंनी विचारलं, "कोण गेलं हो?" आणि आई म्हणाली, "माझा आर्गेमिरो." मग तू खेचरावरून पडलास ते, शाळेतून पळालास ते, सगळं सांगितलं. एक नाव चुकलं नाही. तीन वर्षं तू फिरकला नाहीस, त्याचा तिनं लावलेला अर्थ मला खोडता येईना.

आणखी एक. गेलेल्यासाठीचा जप नऊ दिवस चालतो, रविवारी नववा. त्यानंतर गल्ली यायची थांबेल, आणि नुसत्या दिव्यांवर आईचं भागणार नाही. तू ये. तिला मी समजावीन. फाबिओलाबाईंना मात्र लांबूनच हाक मार, त्यांचं काळीज नाजूक आहे.