आखाजीची घागर आणि तुमची हिरवी गाडी

सुभाषचे आबा,

तुम्हाला नमस्कार. दचकू नका, मीच आहे. तुम्ही फिरतीवर असताना कुठून कुठून कार्डं टाकायचात आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. काय देणार? माझी शाळा दुसरीपर्यंतची, त्यातही निम्मे दिवस म्हशीमागे. आज आपल्या नातीच्या, सोनीच्या वहीतली मधली पानं मागून घेतली आहेत आणि ओट्यावर बसले आहे. अक्षराला हसू नका.

काल आखाजी, आपली अक्षय तृतीया, झाली. काल आपल्या दारात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही. तुम्ही म्हणाल, मला काय सांगतेस, मी तिथेच होतो. होतात ना? मला तेच वाटतंय! पण तरी माझ्या तोंडून ऐका. तुम्ही असताना माझं बोलणं कधी पुरतं ऐकलंत? आता कुठे जाणार आहात?

तुमची गाडी सुरू झाली, आबा! तुमची हिरवी मिलिटरीची गाडी, डिझेलवर!

बघा, आता कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. आधी मला ते पाच वर्षांपूर्वीचं बोलायचं आहे. तेव्हाही आखाजीच होती, आदल्या दिवशीची संध्याकाळ. मी सांजोऱ्या तळत होते. सुभाष सुरतेच्या कापड कारखान्यातून मागदुरुस्तीची, जॉबरची पाळी संपवून आला होता, कानात अजून मागांचा खडखडाट. तो एवढंच म्हणाला, आबा, पेट्रोलवर ही गाडी आता पोट भरणार नाही, आपण डिझेल इंजिन बसवू. आणि तुम्ही ताटावरून उठलात. काय बोललात ते आठवतं का? "इंजिन काढशी ते मना नावनी घागर नको भरजो!"

असं बोलतात का हो पोटच्या पोराला? तेही आखाजीच्या तोंडावर! आपल्या खान्देशात माणूस गेल्यावर त्याला वर्षाचं पाणी मिळतं ते त्या घागरीतून, लेकाच्या हाताने. तेच तुम्ही तोडून टाकलंत एका इंजिनासाठी. मी त्या रात्री सांजोरीला तोंड लावलं नाही, हे तुम्हाला कळलंही नसेल.

पण तुमचा जीव का अडकला होता तेही मला ठाऊक आहे. देवळालीच्या मिलिटरीच्या लिलावातून तुम्ही ती माल वाहायला घेऊन आलात तो दिवस डोळ्यांसमोर आहे. सगळी गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं, लढाईतून आली आहे, कोणी म्हणालं, हिची चाकं बघा, चारही ओढतात. तुम्ही सीटवरून खाली उतरेनात. मी ओवाळायला ताट घेऊन उभी, आणि तुम्ही म्हणता, आधी गाडीला ओवाळ! मी ओवाळलं. काय करणार, सवत तर सवत. पुढे तिच्या स्टिअरिंगला गुंडाळायला माझ्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून नेलात, तेव्हा मात्र मी भांडले होते.

आणि खाडीला पूर आला ते वर्ष! खालच्या झोपड्यांत कमरेएवढं पाणी. नव्या नव्या गाड्या बंद पडून उभ्या होत्या, आणि तुमची ही म्हातारी घरघर न करता, सुळसुळ करत पाण्यात शिरली. तुम्ही तो मागचा छोटा दांडा ओढायचात, मग पुढची चाकंही ओढायला लागायची. बाया, पोरं, शेळ्या, एक शिवणयंत्र, सगळं मागे भरून आणलंत. दिवसभर. उतरलात तेव्हा हाताला बोटं आहेत की नाही कळत नव्हतं. मी चहाचा कप तुमच्या तोंडाला लावला. तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस माझा आहे. कधी बोलले नाही. आज लिहिते.

लिहिते म्हणजे काय, ही अक्षरंही तुमच्याच गाडीत पक्की झाली ना! सुरतेबाहेरच्या सचिन गावाला कापडाच्या ताग्यांचा माल टाकायला जाताना मला शेजारी बसवायचात आणि वाटेतल्या पाट्या वाचून दाखवायला लावायचात. मराठी मला थोडं येत होतं, गुजराती पाट्यांनी घोळ केला. तुम्ही गाडी हळू करायचात, म्हणजे माझी पाटी पुरी व्हावी. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या घालायचे. तुम्ही म्हणायचात, "वाचू द्या हो, शाळा चालू शे!"

कुठे भरकटले मी. हं, गाडी.

तुम्ही गेल्यावर ती लिंबाखाली उभीच राहिली. टायरना भेगा पडल्या, टपावर निंबोळ्या कुजल्या. भंगारवाला दर पंधरा दिवसांनी चक्कर मारायचा आणि बॉनेटवर बोटाने टकटक करून बघायचा. मला ती टकटक छातीत लागायची. शेवटी गेल्या दिवाळीनंतर सुभाष मला म्हणाला, "माय, आबा रागावले तर रागावू दे. पण मी हिला भंगारात जाऊ देणार नाही. इंजिन मात्र बदलावं लागेल." मी विचारलं, आणि घागर? तो खाली बघत म्हणाला, "नही भरस मी. त्यास्नी नही सांगेल शे."

ऐकलंत? तुम्ही नको म्हणालात म्हणून घागर भरणार नाही म्हणे. तुमचा शब्दही मोडला नाही आणि गाडीही सोडली नाही. तुमच्यासारखाच हट्टी. वरून गोड इतकंच.

मग उधन्याहून भिखूभाई मिस्त्री आले. सुरतेचा माणूस, तोंडात शिवी आणि हातात जादू. अपघातात चेपलेल्या एका नव्या ट्रकचं इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांनी शोधून आणलं. मी रोज खाट टाकून शेजारी बसायचे. चहा द्यायचा आणि बघायचं. तुम्ही असतात तर मला हाकललं असतंत, पण भिखूभाई मला बोल्ट कुठला तेलात टाकायचा आणि कुठला रॉकेलमध्ये, तेही विचारायचे.

आबा, नवं इंजिन जुन्या गाडीत बसवणं म्हणजे भरल्या घरात सून आणणं! मी हे बोलले तर आपली सून मंगला हसून म्हणाली, "आत्या, मग माझं पण असंच झालं होतं का?" झालंच होतं की. इंजिन लांब, जागा आखूड. इंजिन टेकायचं फौंडेशन जुळेना. तुमचा तो मागच्या छोट्या दांड्याचा डबा, पुढच्या चाकांना ओढ देणारा, सुभाषला ठेवायचाच होता, पण नव्या गिअरबॉक्सचं तोंड त्याच्याशी लागेना. मधला शाफ्ट कतारगामच्या एका लेथवाल्याकडून करून घेतला. पहिला त्याच्याच लेथवर फिरवून बघितला तर तापाच्या माणसासारखा थडथडला. दुसराही तसाच. तिसरा गप्प फिरला.

आणि बॉनेट बंद होईना! इंजिन वर डोकं काढून बसलं. भिखूभाई म्हणाले, बॉनेट कापून वरून डबी लावू, सगळेच करतात. सुभाष म्हणाला, "बॉनेटला करवत लागणार नाही. इंजिन खाली घ्या." झालं, सगळं उतरवलं आणि पुन्हा पहिल्यापासून. फौंडेशन दोन बोटं खाली, खालची तेलाची टाकी नवी, रेडिएटर पुढे. सव्वा महिना गेला. पण बॉनेट तुम्ही लावायचात तसंच, त्याच खटक्याने लागतं. मी स्वतः लावून बघितलं. डोळे मिटून कान दिला, तर तुम्हीच कामावरून आलात असं वाटलं.

भिखूभाई एकदा गाडीखाली झोपून चेसिस तपासत होते. तुम्ही स्प्रिंगच्या पाट्याच्या तुकड्यांनी तिथे ठिगळ मारलं होतं ना, मधल्या आडव्या पट्टीला? ते बघत बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी घाबरले, म्हटलं, तुटलं की काय. तोंड बाहेर काढून म्हणाले, "बा, आ काकाए गाडी नथी राखी, दीकरी राखी छे!" गाडी नव्हे, लेक सांभाळली म्हणे, आणि मला बा, म्हणजे आई म्हणतात ते! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवशी त्यांच्या चहात मी साय घातली.

जुनं इंजिन कुठे आहे ते विचारणार तुम्ही, मला माहीत आहे. विकलं नाही. लिंबाखाली दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवलं आहे, ग्रीस लावून, वर पत्रा टाकून. पत्र्यावर मी कुरडया वाळवते. ऊन चांगलं लागतं तिथे. रागावू नका.

आता कालचं.

आखाजीचा मुहूर्त धरूनच पहिला सेल मारायचं ठरलं होतं. सकाळी मी सुभाषला एकदा म्हटलं, बाळा, भर की घागर, मेलेल्या माणसाचा राग काय धरायचा. तो म्हणाला, "माय, राग नही. मी त्यास्ना शब्द मोडाव नही." पाटावर तुमच्या घागरीची जागा रिकामी. खरबूज नाही, वर सांजोरी नाही. दुसऱ्यांच्या दारात घागरी पुजलेल्या दिसत होत्या. मी आत जाऊन आमरस ढवळत बसले, डोळे पुसायला कारण हवं होतं.

अकराच्या सुमाराला नारळ फोडला. सुभाष काही केल्या तुमच्या सीटवर बसेना. भिखूभाई बसले, सेल मारला, आणि आबा, काय तो आवाज! तुमच्या जुन्या सुळसुळीसारखा नाही, जाड, छातीतून आल्यासारखा. लिंबावरचे कावळे उडाले. मी टाळ्या वाजवल्या, या वयात! इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं, आणि पुढून फस्सकन वाफ. रेडिएटरचा होज पाइप क्लिपमधून निसटला आणि सगळं पाणी अंगणात. भिखूभाईंनी इंजिन बंद केलं, स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, आणि पाइप घट्ट बसवायला लागले.

तापलेल्या इंजिनात पाणी ओतायचं नसतं हे मलाही कळतं, तुमच्या शेजारी बसून इतके घाट चढले. गार होईपर्यंत सगळे थांबलो. मग भिखूभाई ओरडले, "बा, पाणी लावो, पाणी!" आणि घरात पाणी कुठे? नळ सकाळीच गेलेला. सणाच्या आंघोळी, सणाची भांडी, सगळ्या बादल्या पालथ्या. मंगला शेजारी मागायला गेली. मुहूर्त टळत चाललेला. मी घरभर फिरले, तर मधल्या दारामागे एक नवी लाल घागर काठोकाठ भरलेली! म्हटलं, शहाणी माझी सून, वेळेसाठी राखून ठेवलं. उचलली. या कमरेने उचलली! सुभाषच्या हातात दिली आणि त्याने एका दमात सगळी रेडिएटरमध्ये रिकामी केली.

मंगला दोन बादल्या घेऊन आली ती दारातच थांबली. "आत्या, ती घागर कोठे गई?"

"कोणती?"

"दारामांगे व्हती ती."

"ती होय? गाडीला पाजली."

तिच्या हातातल्या बादल्या खाली आल्या. तोंड पांढरं. मग हळूच म्हणाली, "आत्या, ती आबास्नी घागर व्हती."

बघा हो! नवरा भरणार नाही, म्हणून तिने पहाटे उठून, कोणाला न सांगता, तुमचं नाव घेऊन, हळदीकुंकवाचं बोट लावून ती भरली होती. नवऱ्याचा शब्दही राहावा आणि सासरा तहानलेलाही राहू नये, म्हणून दारामागे लपवली होती. आणि मी, चष्मा स्वयंपाकघरात ठेवून आलेली म्हातारी, मला ते कुंकवाचं बोट दिसलंच नाही.

सुभाष हातातली रिकामी घागर बघत उभा. त्याच्याच हाताने ओतलेलं पाणी, तुमच्या नावाचं, आणि तेही कुठे? मला वाटलं, आता हा पोरगा खचला. भिखूभाईंना काही कळलं नव्हतं. त्यांनी मंगलाच्या बादल्यांतलं उरलेलं पाणी वरून भरलं, टोपण लावलं, पुन्हा सेल मारला.

एका सेलमध्ये, आबा! एका सेलमध्ये! आणि थेंबभर पाणी बाहेर आलं नाही.

सुभाष आधी हसला की आधी रडला मला सांगता येत नाही. म्हणाला, "माय, आबास्नी पाणी पी लिधं ना व!" आणि भिखूभाईंना उठवून स्वतः त्या सीटवर बसला. स्टिअरिंगवर माझ्या लुगड्याचा काठ अजून आहे, विटलेला. त्यावर त्याने हात ठेवले ते अगदी तुमचे हात. मला म्हणाला, बस पुढे. मी बसले. मंगला आणि सोनी मागे चढल्या. भिखूभाई मागची फळी लावून ओरडले, "जाओ बा, जाओ!" सचिनच्या रस्त्याने गेलो. चढावर त्याने तो मागचा छोटा दांडा ओढला, आणि चारही चाकं ओढायला लागली. वाटेत एक मोठी पाटी आली तशी गाडी आपोआप हळू झाली. मी बघितलं, तर सुभाष समोर बघत म्हणतो, "वाच ना, माय."

वाचली मी. अडखळत, पण पुरी.

तेव्हा आता हट्ट सोडा. तुम्ही नको म्हणालात ते पाणी तुम्ही प्यालात, लेकाच्या हातचं, सुनेनं भरलेलं, बायकोनं उचलून दिलेलं, आणि तेही डिझेल गाडीच्या तोंडाने. घटाघटा! मला सगळं दिसलं. आता परत भांडायला जागा उरली नाही.

मी तुम्हाला शब्द देते. मी आहे तोवर दर आखाजीला दोन घागरी भरल्या जातील. एक पाटावर, खरबूज आणि सांजोरीसकट, सगळ्यांच्या समोर, सुभाषच्या हाताने. दारामागे नाही. आणि दुसरी आधी गाडीला, मग बाकी सण. चष्मा लावून भरीन. कुंकवाचं बोट मी स्वतः लावीन.

सुभाष हॉर्न वाजवतोय. बारडोलीचा पहिला माल आहे आज, आणि मला सोबत न्यायचं म्हणतो. पाट्या वाचायला.

तुमची,
सुभाषनी माय