अंगणातला डाग बाबांचा नाही

वहिनी,

अंगणातल्या काँक्रीटवर मी खाण्याचा सोडा भिजवून थापलाय. वाळला की भरपूर पाण्याने धू. बॅटरीचं अ‍ॅसिड माझ्या हातून सांडलं होतं. तू बाबांवर चिडलीस, तेव्हा मी तिथेच मूग गिळून उभा होतो.

आज सकाळी बघतो तर बाबा गुडघे टेकून डाग घासतायत. म्हणाले, "हात थरथरतो रे, माझ्याकडूनच सांडलं असणार."  मी नुसता त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला.

आता कडक ब्रश आणायला जातोय. आल्यावर त्यांना मीच सांगतो. तोवर तू त्यांच्याशी बोल. तू अबोला धरल्यापासून ते चहा मागायलाही बिचकतायत.

धाकटा