आजार : नाही

प्रिय प्रबुद्ध,

तू परवानगीच्या कागदावर सही करायला नाही म्हणालास, असं गंधालीकडून कळलं. मी निवृत्त झाल्यापासून तुमच्या घरांच्या भेटी तिच्याकडे आहेत. नवीन आहे, एकेका सहीसाठी चार-चार जिने चढते, तेव्हा चिडली असेल तर मनावर घेऊ नकोस. तुझं उत्तर तिने मला तुझ्याच ढंगात ऐकवलं. “मला जन्मात कधी काही झालं नाही, हॉस्पिटलात माझी कसली नोंद सापडणार यांना?” मी हसले खरी, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुझं पहिलं वजन मी केलं रे. दोन किलो चारशे, झोळीत घालून, आणि तू माझी साडी ओली केलीस. त्या वर्षी नाहूरला जन्मलेल्या सगळ्या बाळांकडे आम्ही दर वाढदिवसाला जायचो. वजन, उंची, वर्षभरातले आजार, सगळं फॉर्मवर लिहायचं आणि ही मुलं कशी मोठी होतात ते बघायचं, एवढाच आमचा अभ्यास. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मी तुला भिंतीला उभं करायचे आणि तू दरवर्षी टाचा उचलायचास. मग तुझी आई, माझी चंपा, मला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायची. माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला सुकट कशी भाजायची ते शिकवण्याची हिंमत तिचीच. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण सुकट भाजताना आजही ती मागे उभी राहून चुका काढते आहे असं वाटतं.

माझं बरं चाललंय. मुलुंडच्या घरात जुना काटा पडून आहे, वजन करायला कोणी नाही. परवा कलिंगड तोललं.

आता मुद्द्याचं. तुमचे आमच्याकडचे फॉर्म आणि हॉस्पिटलच्या ओपीडीतले केसपेपर एकमेकांना जोडायचे आहेत, आणि तुम्ही सज्ञान झालात म्हणून तुमची परवानगी हवी. तू सही केलीस तर तुझ्या नावाने ऐंशीच्या वर भेटी निघतील. नववं लागलं तेव्हा तुला ताप आला, गुडघे सुजले, आठवतं? डॉक्टरांनी चंपाला सांगितलं की या तापाचा हृदयाच्या झडपेला धक्का पोचला आहे, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन चुकवायचं नाही. तुला ते ताकदीचं इंजेक्शन म्हणून सांगितलं होतं आणि तू बिचारा दंड फुगवून दाखवायचास.

त्या वाढदिवसाला मी आजाराच्या रकान्यापाशी आले तेव्हा चंपाने माझा हात धरला. म्हणाली, “ताई, कागदावर एकदा रोगी लिहिलं की पोराला कबड्डीत कोण घेईल? पुढे नोकरी कोण देईल? नका लिहू.” हे कागद बाहेर कोणाला दाखवत नाहीत, हे मला माहीत होतं, तिला सांगितलंही. पण ती रडत होती, आणि माझा तिच्यावर जीव होता. मी ‘नाही’ लिहिलं. पुढची चार वर्षंही तेच लिहिलं. पहिलं खोटं तिच्यासाठी होतं, बाकीची माझी अब्रू सांभाळायला.

मग चौदाव्या वर्षी तुम्ही चेंबूरला राहायला गेलात. तू धडधाकट दिसत होतास, चंपाला वाटलं पोरगा बरा झाला, आणि इंजेक्शनं बंद पडली. मी खरं लिहिलं असतं तर आमच्या डॉक्टरांनी तुला शोधून काढलं असतं. त्यांच्या कागदावर तू ठणठणीत होतास. ही चूक चंपाची नाही, माझी आहे.

तू सही केली नाहीस तर हे झाकलेलंच राहील, या विचाराने गंधालीने सांगितलं तेव्हा क्षणभर मला बरंही वाटलं, याची लाज वाटते. पण गेल्या महिन्यात तुम्हा सगळ्यांचा मेळावा झाला तेव्हा मी जिन्याच्या वर उभी होते. दुसऱ्या मजल्यावर तू थांबलास आणि मोबाइल काढलास. मोबाइल तू उलटा धरला होतास, बाळा. तुला दम लागला होता. हे पत्र त्यासाठी आहे. माझं खोटं मी ऑफिसला लेखी कळवलं आहे. सही करायची की नाही, ते तू ठरव. सोबत तुझा जुना केसपेपर ठेवते आहे, चंपाने माझ्याकडे जपायला दिलेला. येत्या मंगळवारी सकाळी आठला मी हॉस्पिटलच्या फाटकाशी येते, तूही ये. रांगेत मी उभी राहीन. आत डॉक्टर काय होतंय म्हणून विचारतील, तेव्हा खरं ते सांग. तिथे टाचा उचलू नकोस.

तुझीच,
वजनवाली नलिनीमावशी