ढमूची बाटली

प्रिय बाळू,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या पक्षकार्यालयातल्या शिपायाच्या हातातच देणार आहे, म्हणजे मिळालंच नाही म्हणायची सोय नको. शुक्रवारी चार वाजता ढमूला कायमचं झोपवायचा हुकूम आलाय, आणि या वन्यप्राणी केंद्रात जनावरांची डॉक्टर मी एकटीच. सुई मीच टोचायची. आज बुधवार आहे रे.

तुला आठवतं, अस्वलाचं ते पिल्लू आलं तेव्हा माझ्या बुटाएवढं होतं? आई ट्रकखाली गेली होती. अशा पिल्लांना वाढवायची आमची एक रीत आहे. तोंड झाकायचं, चिखलाने माखलेला झगा घालायचा, चकार शब्द काढायचा नाही आणि बाटली फळीच्या भोकातून आत सरकवायची. दूध माणसाकडून येतं हे त्याला कळताच कामा नये, नाहीतर रानात सोडलं तरी ते माणसांकडेच परत येतं. नावही ठेवत नाही आम्ही. दोन महिने मी त्याच्यासमोर साधी शिंकले नाही, आणि मी किती बडबडी ते तू जाणतोस. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुणीतरी कुलूप लावा.

मग निवडणूक आली. जाहीरनाम्यातलं वन्यजीवांचं पान तू माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलंस. वाचून मला रडूच आलं. अख्खं पान जनावरांना! समोरच्या पक्षाने दिली होती दीड ओळ, तीही मोकाट कुत्र्यांवर. म्हणून तू ‘फक्त एक फोटो, ताई’ म्हणालास तेव्हा मी पाघळले. एक फोटो म्हणता म्हणता आठ दिवस तुमची माणसं येत राहिली. तुझ्या उमेदवार साहेबांनी उघड्या हातांनी बाटली धरली, फोटोवाल्याने ढमू नाव ठेवलं, सगळ्यांनी लाडाने हाका मारल्या. खाली ‘मुक्या जिवांचं सरकार’ छापून तो फोटो भिंतीभिंतीवर लागला, आणि निवडून येऊन साहेब वनमंत्री झाले. त्या फोटोत कडेला माझी बोटंही दिसतात.

गेल्या महिन्यात, दीड वर्षाचा झाल्यावर, त्याला रानात सोडलं. चौथ्या दिवशी स्वारी भरबाजारात हजर. कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. मागच्या पायांवर उभा राहून नुसता लोकांच्या हातांकडे बघत होता. पण पळापळीत एक म्हातारी पडली, तिचा हात मोडला. ढमू परत आमच्या पिंजऱ्यात आला. विरोधकांनी बोंब ठोकली, माणसं मोठी की अस्वलं? आणि तुझे साहेब चार ओळींचा हुकूम काढून मोकळे. मेल्यांनो, आधी भिंतीवरचा तो फोटो तरी उतरवायचात! डोंगरापलीकडच्या प्राणिसंग्रहालयाने जागा देतो म्हणून लेखी कळवलंय. साहेबांची एक सही हवी, बस. तीन अर्ज दिले, दोन दिवस कचेरीत बसून आले. साहेब मीटिंगमध्ये. माझं डोकंच चालेनासं झालंय, बाळू.

तुझ्यावर ढकलत नाहीये, फळीचं दार मीच उघडलं होतं. पण एक ऐक. एरवी अस्वलाला लांबून बंदुकीने सुई मारावी लागते. ढमूला नाही लागणार. बाटली दाखवली की तो जाळीशी येतो आणि आपणहून खांदा टेकवतो. एका हातात बाटली आणि दुसऱ्यात सुई, हे माझ्याच्याने होणार नाही. म्हणून शुक्रवारी तू ये. पाया पडते, सही घेऊन ये. नाहीच मिळाली तर रिकाम्या हातांनी ये, बाटली तुला धरायचीय.

तुझीच,
ताई